माबिनींच्या वाटेवर एक दिवस : तानावान ते सान्ता मेसा या सहलीविषयी

फिलिपिन्समधील दहा पेसोंच्या नाण्यावर ज्यांचा चेहरा आहे, त्या आपोलिनारियो माबिनी यांचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाअखेरच्या स्पेनविरोधी क्रांतीतील एका नेत्याचे, जीवन एका दिवसात दाखवणाऱ्या मार्गदर्शित सहलीला मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. ही सहल मनिलातून सकाळी लवकर निघते, बातांगास प्रांतातील तानावान या त्यांच्या जन्मगावी जाते आणि संध्याकाळी मनिलातच सान्ता मेसा येथे, ज्या घरात त्यांचा मृत्यू झाला त्या घरापाशी संपते. सहल चालवणारी संस्था अगदी लहान, दोन-तीन माणसांची आहे. तिच्याविषयी काही तक्रारीही मला नोंदवायच्या असल्यामुळे मी तिचे नाव देत नाही. मात्र कामानिमित्त मनिलात राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या मराठी वाचकांनी अशा प्रकारच्या सहलीकडून काय अपेक्षा ठेवावी, हे त्यांना या अभिप्रायावरून कळावे अशी माझी इच्छा आहे.

आधी पैशांचा मुद्दा स्पष्ट करतो. माबिनींची दोन्ही स्मारक-संग्रहालये, तानावानच्या तालागा वस्तीतील आणि सान्ता मेसामधील, तेथील राष्ट्रीय इतिहास आयोग चालवतो आणि दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे. म्हणजे सहलीसाठी आपण जे शुल्क भरतो ते तिकिटाचे नसते. ते गाडीचे, दुपारच्या जेवणाचे आणि मुख्यतः सांगण्याचे असते. जे स्वतःहून फुकट पाहता येते ते पैसे देऊन पाहायचे, तर सांगणाऱ्याने त्यात काय भर घातली, याच निकषावर या सेवेचे मोल ठरवायला हवे. त्या निकषावर अर्धा दिवस मला उत्कृष्ट वाटला आणि उरलेला अर्धा घाईत वाया गेला.

आमचे मार्गदर्शक निवृत्त शाळामास्तर होते. गाडी निघताच त्यांनी आम्हा नऊ जणांच्या हातांत दहा पेसोंची दोन-दोन नाणी दिली. जुने नाणे दोन धातूंचे, मध्ये पिवळसर आणि कडेने रुपेरी, आणि त्यावर त्याच क्रांतीतील नेते आंद्रेस बोनिफासिओ यांच्या शेजारी माबिनी. २०१८पासून चलनात आलेले नवे नाणे एकाच रुपेरी रंगाचे, आणि त्यावर माबिनी एकटे. मास्तरांनी विचारले की, या दोन नाण्यांवर जे दिसत नाही ते काय आहे. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनीच सांगितले की, नाण्यावर फक्त डोके आणि खांदे आहेत, खुर्ची नाही. आणि आजच्या दिवसात आपणही खुर्चीपासून सुरुवात करायची नाही.

हे वाक्य त्या देशात किती महत्त्वाचे आहे, हे थोडे समजावून सांगायला हवे. माबिनींना कमरेखाली पक्षाघात झाला होता आणि त्यामुळे फिलिपिन्समध्ये त्यांची ओळख ‘दाकिलांग लुम्पो’, म्हणजे ‘थोर पांगळा’, अशीच रूढ आहे. त्यांना ‘क्रांतीचे डोके’ असेही म्हणतात, पण लोकांच्या डोळ्यांसमोर येते ती खुर्चीच. २०१५ साली तेथील क्रांतीवरचा एक चित्रपट गाजला, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी माबिनींची भूमिका करणाऱ्या नटालाच विचारले होते की, तुम्ही संपूर्ण चित्रपटभर बसूनच का आहात. या प्रश्नाची देशभर चर्चा झाली. एका बाजूला केवळ खुर्चीच लक्षात ठेवणारे लोक आणि दुसऱ्या बाजूला तीही माहीत नसलेली मुले, या दोहोंच्या मध्ये एका शिक्षकाचे आणि प्रशासकाचे आयुष्य हरवून गेले आहे. ते शोधून दाखवणे हेच आपले काम, असे मास्तरांनी ठरवलेले होते आणि दुपारपर्यंत ते त्यांनी मनापासून केले.

तालागाचे स्मारक प्रशस्त आणि शांत आहे. माबिनींची समाधी इथेच आहे. २३ जुलै १८६४ रोजी या वस्तीत त्यांचा जन्म झाला; आठ भावंडांतील ते दुसरे. वडील इनोसेन्सिओ शेतकरी होते आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. आई दिओनिसिया तानावानच्या बाजारात माल विकायची. आईचे वडील मात्र गावाचे मास्तर होते, आणि घरातली अक्षरओळख त्या बाजूने आली. आमचे मार्गदर्शक मास्तर इथे फार वेळ थांबले आणि ते योग्यच झाले. एखाद्या घरात बापाला अक्षर येत नाही, आजोबा गावाला शिकवतात आणि आई आपल्याला येते तेवढे मुलाला देते, हे चित्र त्यांनी कोणत्याही फलकाच्या आधाराशिवाय आमच्यासमोर उभे केले.

पुढचा प्रवास त्यांनी पैशांच्या हिशेबाने सांगितला आणि मला ही पद्धत अतिशय आवडली. तानावानच्या शाळेत शिकताना या मुलाने एका शिंप्याकडे पडेल ते काम करून त्याच्या बदल्यात राहण्याजेवण्याची सोय मिळवली. नंतर तो वालेरिओ मालाबानान या पाद्री-शिक्षकांच्या शाळेत गेला. या मालाबानानांची शिक्षक म्हणून कीर्ती एवढी होती की, फिलिपिन्सचे राष्ट्रनायक मानले जाणारे लेखक होसे रिझाल यांनी आपल्या दुसऱ्या कादंबरीत त्यांचा उल्लेख केला आहे. १८८१मध्ये माबिनींना मनिलाच्या सान हुआन दे लेत्रान महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. पण शिष्यवृत्तीने पोट भरत नसल्यामुळे शिक्षण मध्येमध्ये थांबवून ते बातांगासमधल्या मुलांना शिकवत राहिले आणि चार पैसे जमले की पुन्हा स्वतःच्या वर्गात जाऊन बसत राहिले. पदवी हाती आली तेव्हा १८८७ साल उजाडले होते. त्यानंतर न्यायालयात नकलनवीस म्हणून काम करता करता सान्तो तोमास विद्यापीठातून त्यांनी १८९४मध्ये कायद्याची पदवी घेतली. शिकण्यासाठी शिकवायचे आणि शिकवून पुन्हा शिकायचे, असे एकूण तेरा वर्षांचे हे चक्र मास्तरांनी बोटांवर मोजून दाखवले, आणि आमच्यातील एक महाविद्यालयीन मुलगी, जी स्वतः शिकवण्या घेऊन फी भरत होती, ती त्यानंतर दिवसभर त्यांच्या शेजारून हलली नाही.

समाधीपाशी त्यांनी एक उतारा वाचला. पुढे ग्वाम बेटावरच्या बंदिवासात माबिनींनी क्रांतीचा जो वृत्तान्त लिहिला, तो त्यांनी आईला अर्पण केला आहे. मुलाने पाद्री व्हावे, कारण देवाची सेवा यापेक्षा मोठा मान नाही, अशी आईची इच्छा होती. शिक्षणाला पैसे कमी पडतात म्हणून ती ऊनपाऊस न बघता राबली आणि त्यातच लागलेल्या दुखण्याने गेली. मुलगा पाद्री झाला नाही. पण देवाचा खरा सेवक केवळ झगा घालणारा नसतो, जो कोणी चांगल्या आणि उपयोगी कामातून त्याचा महिमा सांगतो तो प्रत्येक जण सेवकच असतो, असे म्हणून त्याने आईची इच्छा आपल्या परीने पूर्ण करण्याचा प्रयत्न केला, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय आहे. मास्तरांनी तो आधी इंग्रजीतून आणि मग तागालोगमधून वाचला. भाषा न कळताही दुसऱ्या वाचनाच्या वेळी आमच्यापैकी कोणी हालचाल केली नाही. सार्वजनिक सेवेची एवढी साधी आणि एवढी कठीण व्याख्या मी क्वचितच ऐकली आहे, आणि ती एका बाजारकरी बाईला उद्देशून लिहिलेली आहे, हे मला विशेष वाटते.

इथेच पहिली गंभीर तक्रार नोंदवतो. संस्थेने आम्हाला दिलेल्या छापील पत्रकात माबिनी जन्मतः पंगू होते असे लिहिले होते. हे साफ चूक आहे. १८९६च्या सुरुवातीला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वकिली नुकती सुरू झाली असताना त्यांचे पाय गेले. मास्तरांनी स्वतःच ती ओळ खोडायला लावली आणि पुढची हकिकतही सांगितली : या आजाराविषयी त्यांच्या हयातीत आणि नंतर कितीतरी वर्षे अतिशय घाणेरड्या अफवा पसरवल्या गेल्या, आणि १९८०मध्ये त्यांच्या अस्थींची वैद्यकीय तपासणी होऊन कारण पोलिओ असल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा कुठे त्या अफवांना आधार उरला नाही. ज्या माणसाच्या शरीराविषयी इतके खोटे पसरले, त्याच्याविषयीच्या पत्रकात याच मुद्द्यावर चूक राहावी, हे मला खटकले. ते पत्रक परत छापायला फार खर्च येणार नाही.

जेवण चांगले होते. बातांगासची दाट शेवयांची लोमी आणि त्यानंतर त्या प्रांताची कडक बाराको कॉफी. याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

जेवणानंतरचा तास मात्र संपूर्ण सहलीतला सर्वोत्तम होता. १२ जून १८९८ रोजी काविट येथे क्रांतीचे प्रमुख एमिलिओ आगिनाल्दो यांनी स्पेनपासून स्वातंत्र्याची घोषणा केली, आणि त्याच दिवशी माबिनी त्यांना प्रथम भेटले. लागुना प्रांतातून काविटपर्यंत त्यांना झोळीत घालून माणसांनी खांद्यावरून आणले होते. एक थकला की दुसरा खांदा देत होता. ही झोळी सगळेच सांगतात. मास्तरांनी ती दोन वाक्यांत सांगितली आणि मग विचारले की, झोळीतून उतरल्यावर या माणसाने पहिल्या आठवड्यात काय केले. उत्तर म्हणून त्यांनी झाडाखाली आमची ग्रामसभा भरवली. आम्हा नऊ जणांत एक गावप्रमुख निवडायचा, आणि त्याच्या सोबत तीन प्रतिनिधी : एक पोलीस व अंतर्गत सुव्यवस्थेचा, एक न्याय व नागरी नोंदणीचा, एक कर व मालमत्तेचा. चिठ्ठ्या वाटल्या, मतदान झाले. माझ्याकडे जन्ममृत्यूची नोंद आली. शिकवण्या घेणारी मुलगी प्रमुख म्हणून निवडून आली आणि तिने लगेच विचारले की, कर गोळा केला तर तो कोणाकडे जमा करायचा. तेव्हा मास्तरांनी सांगितले की, आम्ही जे केले ते १८ जून १८९८च्या हुकुमाप्रमाणे केले. घोषणेला जेमतेम सहा दिवस झाले होते आणि स्थानिक कारभाराची घडी कागदावर तयार होती. २० जूनला न्यायदानाचे आणि कारभाराचे नियम निघाले, २३ जूनला आगिनाल्दोंच्या हुकूमशाही सरकारचे क्रांतिकारी सरकारात रूपांतर झाले. या सगळ्यामागे तोच झोळीतून आलेला सल्लागार होता.

स्वातंत्र्याच्या मूळ जाहीरनाम्यावरही त्यांचा आक्षेप होता, हेही इथे नीट सांगितले गेले. त्या मजकुरात अमेरिकेच्या छत्राखाली असल्याचा उल्लेख होता आणि तो माबिनींना मान्य नव्हता. म्हणून १ ऑगस्ट १८९८ रोजी बाकोओर येथे गावोगावच्या निवडून आलेल्या प्रमुखांकडून स्वातंत्र्याला पुन्हा मान्यता घेण्यात आली, आणि तो मजकूर त्यांनी स्वतः तयार केला. आधी गावांनी प्रमुख निवडायचे आणि मग त्या प्रमुखांनी देशाच्या वतीने सही करायची, हा क्रम झाडाखालच्या मतदानामुळे आम्हाला एका क्षणात उमगला. एरवी तारखांच्या यादीत हे दोन प्रसंग दूरदूर पडून राहतात.

त्याच वर्षी माबिनींनी देशबांधवांसाठी दहा आज्ञा लिहिल्या. मास्तरांनी त्यांतल्या दोनच घेतल्या. तिसरी आज्ञा म्हणते की, देवाने तुला जे विशेष गुण दिले आहेत ते शक्तीनुसार काम आणि अभ्यास करून वाढव, आणि चांगुलपणाची व न्यायाची वाट सोडू नकोस. सातवी म्हणते की, तू आणि तुझ्या देशबांधवांनी निवडलेली नाही अशा कोणाचीही सत्ता मानू नकोस. शिक्षक माबिनी आणि प्रशासक माबिनी हे या दोन आज्ञांत एकत्र भेटतात, असे मास्तर म्हणाले. मला यात एवढीच भर घालावीशी वाटते की, अभ्यासाची आज्ञा त्यांनी देशाच्या आणि सत्तेच्या आज्ञांच्या आधी ठेवली आहे, आणि ज्याने अभ्यासासाठी शिंप्याकडे काम केले त्याच्या हातून हा क्रम उगाच लागला नसावा.

इथपर्यंत मी या सहलीला पूर्ण गुण दिले असते. पुढचा भाग सांगताना मला वाईट वाटते.

आमच्यात साठीच्या पुढचे एक गृहस्थ काठी टेकत चालणारे होते. गाडीची पायरी इतकी उंच होती की, प्रत्येक थांब्यावर त्यांना दोघांनी काखेत हात घालून वर चढवावे लागले, आणि चौथ्या वेळी त्यांनी खाली उतरायलाच नकार दिला. हलवता येणारी एक लाकडी पायरी गाडीत ठेवली असती तरी प्रश्न मिटला असता. फिलिपिन्समध्ये दिव्यांगांसाठी पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सप्ताहाची सांगता माबिनींच्या जयंतीला होते. त्यांच्याच नावाने चालणाऱ्या सहलीत काठीच्या माणसाला गाडीत बसून राहावे लागणे ही मोठी उणीव आहे. मी हे संस्थेला लेखी कळवले आहे. त्यांचे उत्तर सभ्य होते आणि सोय करू असे त्यात म्हटले होते.

दुसरी उणीव वेळेची. परतीच्या रस्त्यावर वाहने खोळंबली आणि राजकीय दृष्ट्या सर्वांत गुंतागुंतीचा कालखंड आम्हाला चालत्या गाडीत, हॉर्नच्या आवाजात, घाईघाईने ऐकावा लागला. जानेवारी ते मे १८९९ या काळात माबिनी पहिल्या प्रजासत्ताकाच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख आणि परराष्ट्रमंत्रीही होते. मालोलोस येथे भरणाऱ्या काँग्रेसमधल्या, म्हणजे प्रजासत्ताकाच्या संसदेतल्या, श्रीमंत मंडळींशी त्यांचे पटले नाही, मे महिन्यात त्यांना पायउतार व्हावे लागले आणि त्यांच्या जागी पेद्रो पातेर्नो आले. तोवर स्पेनच्या जागी आलेल्या अमेरिकेशी युद्ध पेटले होते, आणि डिसेंबर १८९९मध्ये नुएवा एसिहा प्रांतातील कुयापो येथे अमेरिकनांनी त्यांना पकडले. सुटकेनंतरही त्यांची लेखणी थांबली नाही, म्हणून जानेवारी १९०१मध्ये त्यांना ग्वामला हद्दपार करण्यात आले. भाऊ प्रुदेन्सिओ त्यांच्या देखभालीसाठी सोबत गेला. अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय मायदेशी परत येता येणार नाही, आणि शपथ तर घ्यायची नाही, या पेचात ग्वाममधल्या आसानच्या तुरुंगात दोन वर्षे काढताना हा माणूस इंग्रजी शिकला आणि आपल्याच स्पॅनिश वृत्तान्ताचे त्याने इंग्रजीत भाषांतर केले. त्या वृत्तान्तात त्यांनी आगिनाल्दोंच्या चुकांवर आणि आपल्याच सैन्याचे जनरल आंतोनिओ लुना यांच्या हत्येवर कोणाचीही भीड न ठेवता लिहिले आहे. शिक्षक म्हणून माबिनींचा सर्वांत मोठा धडा मला याच काळात दिसतो : पराभवानंतर शांतपणे बसून, आपल्याच बाजूचे काय चुकले ते पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवणे. या भागाला किमान अर्धा तास आणि बसायला शांत जागा हवी होती. तालागामध्ये हातात वेळ असताना तो तिथेच सांगून घेता आला असता.

सान्ता मेसाला पोहोचलो तेव्हा दार बंद व्हायला जेमतेम वीस मिनिटे उरली होती. पासिग नदीच्या काठी असलेले हे घर आता फिलिपिन्सच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या आवारात आहे. मूळ घर नदीकाठीच नाग्ताहान भागात होते; शहराच्या बांधकामांमुळे ते एकाहून अधिक वेळा हलवावे लागले आणि शेवटी इथे आले. नाग्ताहानच्या पुलालाही आज माबिनींचेच नाव आहे. घर लहान आहे, बांबू-लाकडाचे, आणि छप्पर निपाच्या पानांचे. निपा हा खारफुटीच्या चिखलात वाढणारा ताड. त्याची पाने दुमडून, एकावर एक शिवून हे छप्पर घालतात. मी छपराच्या कडेखाली उभा राहून वर पाहिले तेव्हा पानांच्या थरांमधून संध्याकाळचा उजेड कुठेही आत येत नव्हता, इतकी ती विण घट्ट होती. देशाचे मंत्रिमंडळ चालवलेल्या माणसाचे हे घर. फेब्रुवारी १९०३मध्ये अखेर शपथ घेऊन ते मनिलाला परतले ते इथेच, आणि १३ मे १९०३ रोजी, शहरात पटकीची साथ चालू असताना, इथेच गेले. वय अडतीस.

बाहेर मात्र विद्यापीठाची गजबज होती. या मुख्य आवाराचे नावही माबिनींचेच आहे, आणि इथे शिकणारी बहुसंख्य मुले साध्या घरांतून आलेली असतात. २०१७च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतील पदवी शिक्षण निःशुल्क होण्याआधी इथली फी एका श्रेयांकाला फक्त बारा पेसो होती, याचा तिथल्या लोकांना आजही अभिमान आहे. वीस मिनिटांतली पाच मिनिटे मी घराऐवजी या मुलांकडे पाहण्यात घालवली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. आमच्यातील शिकवण्या घेणारी मुलगी पायऱ्यांवर बसलेल्या दोघींशी बोलत उभी होती. मास्तरांना अजून पुष्कळ सांगायचे होते, पण चौकीदार कुलूप घेऊन आला आणि त्यांचे वाक्य अर्धेच राहिले.

ज्यांना माबिनींविषयी काहीच माहीत नाही त्यांनी ही सहल जरूर घ्यावी. दुपारपर्यंतचा भागच शुल्क वसूल करून देतो, आणि असा मार्गदर्शक सहसा मिळत नाही. नोंदणी करताना तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात : मार्गदर्शक कोण आहे, गाडीला खालची पायरी आहे का, आणि सान्ता मेसाला किती वाजता पोहोचणार. सोमवारी दोन्ही संग्रहालये बंद असतात. विद्यापीठाच्या फाटकावर दाखवायला छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. आणि सहलीत ते घर घाईत पाहावे लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याने पुन्हा जावे. मी तसाच गेलो. आठ वाजता दार उघडले, आत दुसरे कोणी नव्हते, आणि मास्तरांचे अर्धे राहिलेले वाक्य मी फोन करून त्यांच्याकडून तिथेच उभ्या उभ्या पूर्ण करून घेतले.